पहिल्या पाळीच्या ओळी

मला एकही गाणं पूर्ण येत नाही. आमच्या सोसायटीतल्या बायकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, बाई विनयानं बोलतेय. विनय कसला डोंबलाचा! जन्म गेला गुरुवार समूहगान मंडळात, स्टेजवर उभं राहून राहून गुडघ्यांचं वाटोळं झालं, सत्काराच्या शाली ठेवायला कपाट पुरेना, आणि तरी मला अर्धंच गाणं म्हणता येतं. एक ओळ सोडून एक. मधल्या ओळी पाठ नाहीत असं नाही, झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण त्या गायला माझं तोंड उघडत नाही. त्या माझ्या नाहीत, दुसऱ्या पाळीच्या आहेत. याचं सगळं श्रेय माझ्या वडलांना, म्हणजे अण्णांना. माझा संसार उभा राहिला तोही या अर्ध्या गाण्यामुळेच, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू?

अण्णा बीडकडचे. गावी भजनात टाळ धरायचे, इकडे चिंचवडला येऊन एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये लागले. दिवसभर पत्र्यावर दणादण आदळणाऱ्या मशिनी, त्यामुळे तिथला प्रत्येक माणूस घरी येऊनही ओरडूनच बोलायचा. स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं त्याच कंपनीची, त्यामुळे कुणाचं काही गुपित राहायचं नाही. 'वरणात मीठ कमी हाय' असं अण्णा आईला सांगायचे आणि चौथ्या बिऱ्हाडातून वाटीत मीठ यायचं. आम्हाला दोन खोल्या, पुढं सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला एक रिकामी खोली, तिच्यात चाळीच्या सतरंज्या आणि घडीच्या खुर्च्या. आई सगळा स्वयंपाक कंपनीच्या भोंग्यावर करायची. सकाळच्या भोंग्याला भाकरी तव्यावर, दुपारच्या भोंग्याला डाळ चुलीवरून खाली. घड्याळ होतं घरात, पण ते भिंतीला शोभा म्हणून. कधी भोंगा उशिरा झाला तर आई म्हणायची, 'आज कंपनी मागं पडलीय.' ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चा कांदा. आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी, सुशीला. हे बाईचं नाव नव्हे. चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीला टाकतात, वरून दाण्याचं कूट. आमच्या मराठवाड्यात पोह्यांचा रुबाब चालत नाही, सुशीलाचा चालतो.

गुरुवार का, तर आमच्या या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी पुण्याची माणसं सारसबागेत हिंडायची तेव्हा आमच्याकडे मशिनी चालू, आणि गुरुवारी आमच्या चाळीत अंथरुणं नऊ वाजेपर्यंत पसरलेली. मंडळाचं नाव म्हणूनच 'गुरुवार'. पण बाहेरच्यांना वाटायचं, दत्ताचं भजनी मंडळ असणार. कार्यक्रमाला बोलावणारे नारळ, पेढे, उदबत्त्या घेऊन तयार राहायचे, एकदा रहाटणीच्या एका घरी तर आमच्यासाठी पादुका मांडून ठेवलेल्या. आणि आम्ही काय म्हटलं, तर डब्याचं गाणं! त्या घरच्या माउलीनं तरीही शेवटी हात जोडले आणि पेढे वाटले. 'सोडायचं न्हाई,' अण्णा आम्हाला म्हणाले. 'परसाद हाय, कोणत्याही गाण्यावर चालतो.'

मंडळ निघालं ते कंपनीच्या गणपतीसाठी. अण्णांनी गाणारी माणसं हुडकली आणि मग कपाळाला हात लावला. निम्मी पहिल्या पाळीची, निम्मी दुसऱ्या पाळीची. त्या कंपनीत पाळ्या फिरत नसत. लागलेली पाळी जन्माची. ही मंडळी गेटातून बाहेर यायची तेव्हा ती आत जायची. तालीम घ्यायची कशी? अण्णा फिटर माणूस. त्यांनी कारखान्याचाच उपाय काढला. सुटे भाग वेगवेगळे तयार करायचे आणि शेवटी जोडायचे. एक ओळ पहिल्या पाळीची, पुढची दुसऱ्या पाळीची. पहिली पाळी संध्याकाळी टोकाच्या खोलीत आपल्या ओळी घोटायची, दुसरी पाळी सकाळी आपल्या. आणि गुरुवारी सगळे एकत्र आले की 'जोडणी'. हा शब्दही अण्णांचाच. सगळी गाणी सवाल-जवाबाची. बांधायचे अण्णा आणि पेटी धरायचे रशीदचाचा. चाचांचं काळेवाडीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्यांच्या घराण्याची इथं कारखाने यायच्या आधीपासूनची वस्ती, त्यामुळे आमच्यासारखे उपरे पुस्तकी बोलायला शिकले तरी चाचांचं मराठी अस्सल मावळी राहिलं. 'अण्णा, ही ओळ लय लांब झाली बगा, ह्यात माझा भाता संपतोय,' असं म्हणून ते पेटी खाली ठेवायचे, की अण्णा निमूट दोन शब्द कापायचे.

नियम एकच होता, पण दगडावरची रेघ. दुसऱ्याच्या ओळीत तोंड घालायचं नाही. गुणगुणायचंसुद्धा नाही. 'नट नटाच्या जागी, बोल्ट बोल्टाच्या जागी. दोघं एकाच भोकात घुसले तर मशीन बसतं,' अण्णा म्हणायचे. कुणी चुकून दुसऱ्याची ओळ ओठावर आणली की पुढच्या गुरुवारी सगळ्या सतरंज्या त्यानं झटकायच्या. आणि आपली ओळ आली की अण्णांचा हात वर व्हायचा. पहिल्या पाळीसाठी डावा, दुसऱ्या पाळीसाठी उजवा. हात वर झाला की गायचं, मग घशात घास का असेना. वर्षानुवर्षं हे चाललं. आमच्यातली काही माणसं जेवतानाही अण्णांनी पाण्याच्या तांब्यासाठी डावा हात उचलला तर तोंड उघडायची.

आमची गाणी सांगायची तर पहिलं डब्याचं. पहिली पाळी विचारणार, 'डब्यात काय गं, डब्यात काय?' आणि दुसरी पाळी यादी सांगणार. अण्णांनी लिहिलेली यादी होती पिठलं, ठेचा, मेथी. पण दुसऱ्या पाळीत कोकणातले दोघं-तिघं, ते हळूच बांगडा घुसडायचे. माळकऱ्यांचे आवाज तिथं एकदम बंद पडायचे आणि श्रोत्यांना वाटायचं, वा, काय सुंदर जागा घेतली! मग लाइट गेल्याचं गाणं, ते म्हणताना हमखास लाइट जायचे. एक मुकादमाचं गाणं होतं, ते मुकादम हजर असला की देवाचं व्हायचं, शब्द बदलून. आणि एक दिव्याचं. ते आमचं ठेवणीतलं. अण्णा पहिल्यांदा या गावात उतरले, खिशात एका ओळखीच्या माणसाचं नाव, आणि तो माणूस सापडेना, त्या संध्याकाळचं ते गाणं. पहिली पाळी म्हणायची,

नदीकाठी दिवा कुणी लावून ठेवला?

आणि दुसरी पाळी,

वाट चुकल्या माणसासाठी मीच लावला.

मग पहिली,

एवढ्या मोठ्या गावात माझं घर कुठलं?

आणि दुसरी,

जिथं तुझं नाव घेऊन दार उघडलं.

चाल साधी, पण ही शेवटची ओळ आली की पुढच्या रांगेत लातूरचा असो, साताऱ्याचा असो की यूपीचा, सगळे बापे मान खाली घालून चपला बघायला लागायचे. त्यातला कुणी मान्य नाही करणार. म्हणायचे, डोळ्यांत कचरा गेला राव, कारखान्याची हवा.

मी शाळा संपवून भोसरीला वायरिंगच्या कारखान्यात लागले. बायकांना तिथं सकाळची पाळी, म्हणून मंडळात माझी जागा आपोआप पहिल्या पाळीत. आणि दुसऱ्या पाळीत, अण्णांच्याच कंपनीच्या टूलरूममध्ये, वसंता आला. मालवणकडचा. काळासावळा, सडसडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. गायला लागला की खोलीतली पाखरंही गप्प बसावीत असा जाड, उबदार आवाज. आणि बोलायला लागला की एकच शब्द. 'बरां.' चहा घेणार? बरां. उद्या कार्यक्रम आहे. बरां. तुझी कॉलर उसवलीय. बरां. हा माणूस शेकडो लोकांपुढं मान वर करून गातो आणि चौघांत त्याला दोन वाक्यं जोडता येत नाहीत, याचा मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग जे यायचं ते आलं. सरळ सांगते, आता काय चोरी? मला तो हवा होता. सगळा आठवडा मी सवाल घोटत बसायची आणि गुरुवारी त्याचा जवाब यायचा. एवढीच आमची ओळख, पण माझ्या लेखी ती सोयरीकच होती. त्याच्या लेखी काय होतं ते विठोबाला माहीत. गुरुवारी मी मुद्दाम त्याच्या समोर उभी राहायची, सुशीलाची बशी मुद्दाम त्याच्याच हातात द्यायची, वर दाण्याचं कूट जास्त. तो कूट बघायचा आणि खायचा. आईनं मात्र बघितलं. 'कामून गं, सगळं कूट त्या कोकण्यालाच?' ती म्हणाली. 'बाकीच्यांची पोटं काय पत्र्याची हायेत?'

अशात माझं स्थळ आलं. पुण्याचं, मुलगा बँकेत, शनिवार पेठेत स्वतःचं घर, घरात एक विधवा आत्या आणि कारभार सगळा तिचा. अण्णा हरखून गेले. कारखान्यातल्या माणसाला बँकेतला जावई म्हणजे साक्षात पंखा असलेला जावई. मध्यस्थानं दोन निरोप आणले. पहिला, मुलीला गाणं येतं असं ऐकलंय, तर आत्याबाईंना ऐकायचंय. दुसरा, लग्नानंतर ते मंडळ-बिंडळ चालणार नाही, बापयांच्या बरोबरीनं स्टेजवर उभं राहणं आमच्याकडे नसतं. पहिल्या निरोपानं अण्णा खूश झाले आणि दुसरा त्यांनी ऐकलाच नाही. प्रेसशॉपच्या कानांचा हा एक फायदा होता, नको ते ऐकू येत नसे.

मी गुरुवारच्या जोडणीनंतर वसंताला गॅलरीत गाठलं. म्हटलं, 'पुढच्या गुरुवारी मला बघायला येणारेत.' त्यानं माझ्याकडे बघितलं, मग गॅलरीच्या कठड्याकडे बघितलं, कठड्याचा एक गंज निघालेला पोपडा नखानं काढला. आणि म्हणाला, 'बरां.' तुम्हाला सांगते, त्या क्षणी त्याला कठड्यावरून खाली ढकलावंसं वाटलं. मी आत जाऊन पिठात इतकं पाणी ओतलं की त्या दिवशी भाकरीऐवजी धिरडी झाली. (हे लिहिताना तो पलीकडे पेपर वाचत बसलाय. वाचून दाखवलं, तर म्हणतो, 'मी तेव्हा विचार करत होतो.' आठवडाभर! अहो, आठवड्यात लोक घर बांधून वास्तुशांत करतात.)

तो गुरुवार उजाडला. जोडणी रद्द. आईनं दोन्ही खोल्या शेणानं सारवल्यासारख्या घासल्या, फरशी होती तरी. अण्णांनी खुर्च्या आणायला कुणाला सांगावं? तर वसंताला. 'दुसऱ्या पाळीतलं शहाणं लेकरू, बोलत नाही, चालत नाही,' म्हणून. तो टोकाच्या खोलीतून खुर्च्या एकेक करून आणत होता आणि मी आतून भांडी आपटत होते. प्रत्येक खुर्चीला एक भांडं. रशीदचाचा पेटी घेऊन आले, डोक्यावर धुतलेली टोपी. पाहुणे आले, आत्याबाई पहिल्याच खुर्चीवर बसल्या आणि खोली भरली. वसंताला बसायला जागाच उरली नाही, म्हणून तो दाराबाहेर गॅलरीत, चपलांपाशी उभा राहिला. निघून गेला असता तरी चाललं असतं. नाही गेला. मला आतून दाराच्या फटीत त्याचा एक खांदा आणि ते लावलेलं बटण दिसत होतं.

मी बश्या घेऊन गेले. आत्याबाईंनी बशीत बोट घालून चुरमुरा उचलला. 'हे काय आहे?' 'सुशीला,' आई म्हणाली. 'मी मुलीचं नाव नाही विचारलं,' आत्याबाई म्हणाल्या. मुलगा मात्र भला होता, त्यानं मुकाट्यानं बशी संपवली आणि अजून घेतलं. मग नाव, शिक्षण, उंची, भरतकाम, सगळं विचारून झालं आणि आत्याबाई म्हणाल्या, 'म्हणा बाई काहीतरी.' अण्णांनी मला आधीच बजावलं होतं, शाळेतली ती देवीची आरती म्हण, साधी आणि सोवळी. मी मनात तीच धरली होती. पण चाचांनी भाता उघडला आणि वाजली ती चाल दिव्याच्या गाण्याची. मी चाचांकडे बघितलं. चाचा छताकडे बघत होते. पुढं मरेपर्यंत ते शपथेवर सांगत राहिले, 'आवं अण्णा, बोटं गेली तिकडं. इतक्या वर्साची सवय हाय, म्या काय करू?' खरं-खोटं अल्लाला ठाऊक. चाल सुरू झाली की आमचा गळा सुरू होतो, तो आमच्या हातात नाही. मी म्हटलं,

नदीकाठी दिवा कुणी लावून ठेवला?

आणि थांबले. चाचांच्या पायाचा ठेका चालू, पेटी चालू, मी गप्प. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघतायत. मुलगा मान हलवत होता, ती हळूहळू हलायची थांबली. ओळीभर जागा रिकामी गेली. दारात तो खांदा तसाच.

'पुढं?' आत्याबाई म्हणाल्या.

'पुढची ओळ माझी नाही,' मी म्हणाले.

'तुमची नाही म्हणजे?'

'दुसऱ्या पाळीची आहे.'

आत्याबाईंनी मध्यस्थाकडे बघितलं, मध्यस्थानं अण्णांकडे, आणि अण्णा घसा खाकरून म्हणाले, 'त्याचं काय हाय, आमच्याकडं नियम हाय.' आणि नियम सांगायला लागले! नट, बोल्ट, जोडणी, सगळं. मुलीचं लग्न एका बाजूला आणि मंडळाची घटना एका बाजूला. आईनं पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती, हसू दाबत होती. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं नव्हे, संतापाचं. पहिला सवाल फुकट गेला होता. तिथं दोन पावलांवर उभा राहून हा प्राणी आपली ओळ गिळून बसला होता, जी ओळ मी आठवडेच्या आठवडे वाट बघून ऐकायची. आज गिळली तर शनिवारात मला कोण ऐकवणार होतं? मी अण्णांचं व्याख्यान मधेच तोडलं, दाराकडे तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हटलं,

एवढ्या मोठ्या गावात माझं घर कुठलं?

आणि अण्णांचा उजवा हात वर झाला. त्यांना कळलंही नाही. नियम समजावताना ते पाहुण्यांकडेच बघत होते, माझी ओळ कानावर पडली आणि इतक्या वर्षांचा तो हात आपोआप दाराच्या दिशेनं उचलला गेला, बोटं उघडून, दुसऱ्या पाळीला बोलावतात तसा. ठेक्याचं एक आवर्तन गेलं. आणि गॅलरीतून, चपलांच्या ढिगाऱ्यातून आवाज आला,

जिथं तुझं नाव घेऊन दार उघडलं.

काय सांगू तुम्हाला! ऐकलेलं हजारदा होतं, पण तेव्हा दुसरी पाळी गायची, दहा-बारा गळे. हा एकटा होता. ओळ संपली तेव्हा तो उंबऱ्याच्या आत येऊन उभा होता, कधी आला ते त्यालाही माहीत नसावं. चाचांनी भाता मिटला. अण्णांचा हात अजून वरच, आईनं मागून ओढून खाली केला.

आत्याबाई हुशार बाई. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि पर्स उचलली. 'चांगलं आहे,' त्या म्हणाल्या. 'पण आम्हाला पूर्ण गाणं येणारी मुलगी हवी.' मुलगा जाता जाता दारात थांबला आणि वसंताला म्हणाला, 'छान गाता हो. दोघंही.' त्याचं पुढं चांगलं झालं असावं, अशा माणसाचं चांगलंच होतं.

पाहुणे जिना उतरले आणि चाळीतलं प्रत्येक बिऱ्हाड गॅलरीत आलं, कारण आता खरा कार्यक्रम होता. अण्णा लालबुंद. मला वाटलं, आज वसंता खुर्च्यांसकट खाली जाणार. अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले आणि प्रेसशॉपच्या आवाजात गरजले, 'ताल सोडून आलास!'

वसंता म्हणाला, 'अण्णा, तुमचो हात वर झालो म्हणान इलंय.'

एका दमात इतकं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. अण्णांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. काय बोलणार? दुसऱ्याच्या ओळीत तोंड घातलं म्हणावं, तर ओळ त्याचीच. बोलावल्याशिवाय आला म्हणावं, तर बोलावलं यांनीच. स्वतःच्या नियमात माणूस असा पकडलेला मी पुन्हा बघितला नाही. शेवटी चाचा पेटीला कापड गुंडाळत म्हणाले, 'अण्णा, नट आन् बोल्ट आपापल्या जागी बसल्यात. आता पाना कशाला फिरवता?'

अण्णा खुर्चीवर बसले. 'आवडतो का तुला?' त्यांनी मला विचारलं, चाळीला ऐकू जाईल असं. मी म्हटलं, 'हो.' चाळीला ऐकू जाईल असंच. 'आनि तुला रे?' वसंतानं मान खाली घातली, कान लाल झालेले, आणि म्हणाला, 'बरां.' सगळी गॅलरी हसली. आई तेवढी हटून बसली. 'मासे खातंय ते. माळकऱ्याच्या घरात माशाची पातेली?' यावर बरेच गुरुवार खलबत झालं. आई मालवणला जाऊन आली, तिथल्या सोलकढीवर खूश झाली आणि येताना माझ्या सासूला सुशीला शिकवून आली. पातेली वेगळी ठेवायची असं ठरलं. लग्नात मंडळानं डब्याचं गाणं म्हटलं, आणि बांगड्याच्या ओळीला माळकऱ्यांनीसुद्धा तोंड उघडलं, एवढीच काय ती माळेच्या नियमाला सूट.

आता आम्ही रहाटणीला राहतो. भोंगा कधीच बंद झाला, त्या कंपनीच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. अण्णा गेले, आई गेली, चाचा गेले. चाचांचा नातू पेटी धरतो. मंडळ चालू आहे. हल्लीची मुलं चाकणच्या कंपन्यांत, तिथं पाळ्या दर आठवड्याला फिरतात, आणि ताथवड्याची आयटीवाली पोरं तर 'काकू, कॉल आहे' म्हणून गुरुवारसुद्धा बुडवतात. मग प्रत्येकानं आपल्या ओळी मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायच्या. परवा एकानं सुचवलं, 'काकू, सगळ्यांनी सगळं गाणं शिकलं तर सोपं नाही का?' मी त्याला सतरंज्या झटकायला लावल्या.

मागच्या वर्षी यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला याचा आनंद माना, गाण्याचं बघू नका. यांनी आनंद मानला. 'बरां' म्हणाले, तेही खुणेनं. आवाज परत आला तो फाटका, कुजबुजल्यासारखा, आणि तेव्हापासून ते जोडणीला येत नाहीत. गुरुवारी मी एकटी जाते. दिव्याचं गाणं लागलं की जवाब येतो, बारा-पंधरा गळ्यांचा, चांगला येतो. मी तिथं त्या पोरांच्या तोंडाकडे बघत नाही, पलीकडच्या भिंतीकडे बघते. घरी तर मी ते गाणंच म्हणायची बंद झाले. सवाल विचारून पुढची जागा रिकामी ठेवायची कशी, हे मला कळेना, आणि ती ओळ स्वतः म्हणावी म्हटलं तर ती माझी नाही.

आमच्या घरात नावानं हाक मारायची पद्धत नाही. मी 'अहो', ते 'अगं'. मालवणला बायकोला नावानं हाक मारली तर म्हणे माड वाळतात. लग्नात उखाणा घेतानासुद्धा यांनी माझं नाव इतकं हळू घेतलं की चाळीनं पुन्हा घ्यायला सांगितलं, तर हे मानेनं नकार देऊन बसले. त्यानंतर परवापरवापर्यंत एकदाही नाही.

गेल्या गुरुवारी जोडणीहून आले, चौथ्या मजल्यावर पोचले आणि पर्समध्ये किल्ली सापडेना. बेल दाबली तर लाइट गेलेले. दार वाजवायला हात उचलला, आणि काय झालं कुणास ठाऊक, बोटं गेली तिकडं म्हणायचे ना चाचा, तसा गळा गेला. दाराशी उभं राहून हळूच म्हटलं,

एवढ्या मोठ्या गावात माझं घर कुठलं?

आतून काही नाही. म्हटलं, झोपले असतील. मग स्लीपर फरफटल्या, कडी निघाली, दार उघडलं. समोर हे, लावलेलं वरचं बटण, हातात मेणबत्ती. ओठ हलले, आणि त्या फाटक्या आवाजात, सूर नाही, ठेका नाही, नुसतं म्हणाले,

'शालन.'

मी रडले, कशाला लपवू? पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, 'ताल सोडून आलात.'

ते म्हणाले, 'बरां.'